बिनगळाचा मासा

चार वाजायला आले असतील. मी दोरा गुंडाळत आणला, काठी उचलली आणि पाण्यातून वर आलेला खोटा मासा धरायला हात पुढे केला. जपून, पाठीकडून, दोन बोटांच्या चिमटीत. कारण त्याच्या पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ असतात आणि ते माशापेक्षा माणसाच्या बोटात जास्त आवडीनं शिरतात. पण वाऱ्यानं त्यानं गिरकी घेतली आणि तो पोटावरच माझ्या तळहातावर आदळला. काही झालं नाही. टोचलं नाही. मी मूठ मिटली, उघडली. गुळगुळीत प्लास्टिक, निळी पाठ, रंगवलेला डोळा, पोटाखाली एक रिकामी कडी, शेपटीला दुसरी रिकामी कडी. गळ तुटले नव्हते, गंजून पडले नव्हते, कड्या तर चांगल्या शाबूत होत्या. गळ नव्हतेच. सकाळी सातपासून, म्हणजे तब्बल नऊ तास, मी बिनगळाचा मासा समुद्रात फेकत होतो आणि परत ओढत होतो.

खरं तर हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी वर्षभर पुरवून पुरवून हसलो असतो. पण मला हसू आलं नाही. दिवसभर मी काय काय करून चुकलो होतो! आठच्या सुमारास पहिला दणका बसला, काठी वाकली, आणि दुसऱ्याच क्षणी दोरा ढिला. मी शिवी हासडली. दहाला पुन्हा तेच. मग भरतीला दोष दिला, उन्हाला दिला, शेजारी बसलेल्या मास्तरांच्या खोकल्याला दिला. दोरा भरभर ओढून पाहिला, हळू ओढून पाहिला, मध्ये थांबून झटके देऊन पाहिले. दगडी बांधावरची जागा तीनदा बदलली. दुपारी तर एवढा मोठा मासा मागोमाग आला की त्याची पाठ मला दिसली. त्यानं तोंड उघडलं, माझा खोटा मासा अख्खा गिळला आणि चव न आवडल्यासारखा थुंकून टाकला. एकूण सहा दणके. सहाही सुटले. आणि या सगळ्यात मी गाठ दोनदा सोडून नव्यानं बांधली होती. नाकाच्या कडीत. नाकाच्या कडीपासून पोटाची कडी दोन बोटांवर असते. मी चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून, थुंकी लावून गाठ आवळली होती आणि दोन बोटांवरचं मला दिसलं नव्हतं.

आणि हे कुणाला दिसलं नव्हतं, तर मला. मी लिफ्ट तपासतो. सरकारी निरीक्षक आहे, अठ्ठावीस वर्षं तेच करतोय. इमारतीच्या डोक्यावरच्या मशीनघरात जायचं, लिफ्ट ज्या पोलादी दोरांवर लोंबते त्या दोरांवरून फडकं फिरवायचं. एखादी तार तुटलेली असली तर ती फडक्यात अडकते. मग ब्रेक, मग खालचा खड्डा, मग प्रत्येक मजल्याचं दार. तेवीस कलमं. प्रत्येक कलमासमोर खूण आणि शेवटी सही. त्या सहीवर माणसं रोज वर जातात, खाली येतात, आरशात भांग पाडतात. माझ्या फडक्यातून तार सुटली असं कधी झालं नाही. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘चिमटा’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला बरंच वाटतं.

गळांचं म्हणाल तर ते मी रोजच काढतो. अकरा वर्षांपूर्वी बसमध्ये माझा गळ एका बाईच्या ओढणीत अडकला होता. कंडक्टरनं भर बसमध्ये माझी खरडपट्टी काढली. तेव्हापासून बसमध्ये चढण्याआधी गळ काढायचे, कागदी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि बांधावर आल्यावर छोट्या पक्कडीनं पुन्हा लावायचे, हा नेम. आजही लावले होते. हे मला इतकं स्वच्छ आठवत होतं की मी मास्तरांना शपथेवर सांगितलं असतं. तिसऱ्या खडकावर बसलो होतो. पक्कड गार होती. कडी उघडताना ती नखाखाली घुसली आणि मी अंगठा तोंडात घातला, रक्ताची खारट चव आली. मास्तर म्हणाले, “सुईच्या कामाला अंगुस्तान लागतं, साहेब.” मी अंगठा पाहिला. नख साफ होतं. ओरखडासुद्धा नव्हता. मग खिसा चाचपला. कागदी रुमाल तिथं होता, चार घड्या घातलेला, मीच घालतो तशा. उघडला. दोन्ही गळ आत होते. मग नखाखाली कडी घुसली ती कधी? ते रक्त कुठल्या रविवारचं?

मास्तर म्हणजे टेलर. त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. पँटची उंची कमी करणं आणि लोकांची पोटं वाढली की शिवण सोडवणं, यावर त्यांचं चाललंय. अकरा वर्षं आम्ही रविवारी बरोबर येतो. ते मला साहेब म्हणतात, त्यात निम्मी चेष्टा असते. मी त्यांच्याकडे वळलो.

“मास्तर, गळ नाहीत हो.”

मास्तरांनी काठी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत राहिले.

“मास्तर, मी काय म्हणतोय? माशाला गळच नाहीत! सकाळपासून!”

“हो,” ते म्हणाले.

“हो म्हणजे?”

“म्हणजे दिसलं होतं मला.”

“कधी दिसलं?”

“पहिल्या फेकीलाच. टोकाला लोंबत होता तेव्हाच दिसलं.”

माझं डोकं फिरलं. नऊ तास हा माणूस माझ्या शेजारी बसून, माझ्या थर्मासमधला चहा पिऊन, माझी गंमत बघत होता. मी आवाज चढवला. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. ते टेलर असल्यामुळे गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. मग हळूच म्हणाले, “साहेब, गेल्या रविवारी मी सांगितलं होतं. आणि त्याच्या आदल्यासुद्धा.”

“काय सांगितलं होतं?”

“हेच. गळ लावा म्हणून.”

“गेल्या रविवारी मी गळ लावले होते.”

“मी सांगितल्यावर लावलेत. आधी दोन तास तसेच फेकत होता. पहिल्यांदा झालं तेव्हा आपण हसलो दोघं. गेल्या खेपेला मात्र तुम्ही माझ्या अंगावर धावून आलात. म्हणालात, मास्तर, तुम्हीच काढून ठेवलेत. आणि थर्मास उचलून…” त्यांनी पाण्याकडे हात केला.

“थर्मास बसमध्ये राहिला,” मी म्हणालो.

“नाही, साहेब. तिथं आहे. त्या काळ्या दगडाच्या पलीकडे.”

लाल झाकणाचा नवा थर्मास आमच्या दोघांच्या मधे होता. बायकोनं बुधवारी आणला. मी तिला सांगितलं होतं की जुना बसमध्ये राहिला, वरच्या फळीवर ठेवला आणि उतरताना विसरलो. हे मी खोटं सांगितलं नव्हतं. मला ती फळी आठवत होती, तिच्यावरचा थर्मास आठवत होता, त्याच्या शेजारी कुणाची तरी छत्री होती तीसुद्धा आठवत होती. मी काळ्या दगडाकडे पाहत राहिलो. मला फेकल्याचं काहीही आठवेना. राग आल्याचंही आठवेना. माणसाला आपला राग तरी आठवायला हवा. वाटलं, आपल्या घरात कुणीतरी वावरून गेलंय आणि आपल्याला पत्ताच नाही.

“मग आज का नाही बोललात?” मी विचारलं.

“वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, आता सांगू नका, चिडतात, मग दिवसभर त्यांना बरं नसतं. म्हटलं, जाऊ दे. तुम्ही मजेत होता, साहेब. मासा काय, सुटला तर सुटला.”

मासा सुटला तर सुटला. यात चूक काही नाही. मास्तर त्यांच्या परीनं बरोबर होते, एक चूक झाली तर शिवण उसवून पुन्हा मारता येते. पण माझं मन एव्हाना दुसरीकडेच पोचलं होतं. मला गळ लावल्याचं आठवत होतं. नुसतं अंधुक नाही, पक्कडीच्या गारव्यासकट, रक्ताच्या चवीसकट. आणि लावले नव्हते. मग ब्रेक? मग दोर? मी कागदावर खूण करतो ती तपासून करतो, की तपासल्याचं आठवतं म्हणून करतो? आठवणीत तर मी प्रत्येक मशीनघरात जातो. प्रत्येक दोरावरून फडकं फिरवतो. अठ्ठावीस वर्षांत इतकी मशीनघरं पाहिली आहेत की डोळे मिटले तर कुठलंही एक समोर उभं राहतं, ग्रीसच्या वासासकट. त्यातलं या महिन्याचं कुठलं, हे मला आता कोण सांगणार होतं?

बसमध्ये मास्तर माझ्या शेजारी बसले. मी खिडकीतून इमारती बघत होतो. ही माझी. ही पण माझी. ही दवाखान्याची, हिच्या लिफ्टमधून खाटा जातात. एरवी मी मास्तरांना हे अभिमानानं दाखवतो. सकाळीच येताना मी बायकोची टिंगल करत होतो. हल्ली तिनं जिना चढायचं खूळ घेतलंय. सात मजले. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते, गुडघ्यांना व्यायाम. मी म्हणालो होतो, “मास्तर, नवरा लिफ्टवाला आणि बायको जिन्यावर! लोक म्हणतील, या माणसाला घरातच गिऱ्हाईक मिळेना.” मास्तर हसले नव्हते. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

इमारतीपाशी उतरलो तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं. लिफ्ट खालीच उभी होती, रिकामी. आत आरशाच्या वर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. आमची इमारत माझ्याच विभागात येते. सही माझी. शेवटच्या अक्षराला मी जी आडवी रेघ मारतो ती सुद्धा होती, जोरात, आत्मविश्वासानं मारलेली. तारीख अठरा दिवसांपूर्वीची. आठवलं. चांगलं आठवलं. सकाळची वेळ, मशीनघराचं कुलूप घट्ट झालं होतं, मी वॉचमनकडून तेल मागवलं होतं. आठवतंय हे कळल्यावर मला आणखीच भीती वाटली. पण एक गोष्ट होती जी माझ्या डोक्यात नव्हती, बाहेर होती. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांनी एक सवय लावली होती. तपासणी संपली की मशीनघरातल्या तुळईवर पिवळ्या खडूनं तारीख टाकायची. ते म्हणायचे, कागदावर सही खुर्चीत बसून करता येते, खडू घेऊन मात्र वर चढावं लागतं. वर्षातून दोनदा, प्रत्येक इमारतीत, मी ती तारीख टाकत आलोय. मी वॉचमनकडून मशीनघराची किल्ली घेतली, लिफ्टला पाटी लावायला आणि कुणाला आत न सोडायला सांगितलं आणि काठी-थैलीसकट जिन्यानं निघालो.

सात मजले आणि वर गच्ची. तिसऱ्या मजल्यावरच धाप लागली. बायको हे रोज कसं करत असेल, असं मनात येऊन गेलं. कुलूप घट्ट नव्हतं. एका हिसक्यात उघडलं. आत तोच वास, तेच मोठं चाक, तेच दोर. मी दिवा लावला आणि तुळईकडे पाहायच्या आधी दोन वेळा नाक शिंकरलं, उगाच, वेळ काढायला. मग पाहिलं. पिवळ्या तारखा एकाखाली एक, माझ्याच वळणाच्या, जुन्या पुसट, नव्या ठळक. शेवटची गेल्या हिवाळ्यातली होती. तिच्याखाली तुळई कोरी होती. मी बोटानं पुसून पाहिलं. धूळ निघाली, खाली लोखंड. फडकं घेऊन मी दोरांवरून फिरवलं. दुसऱ्या दोराला ते अडकलं. थोडं पुढे पुन्हा अडकलं.

मी मुख्य बटण खाली ओढलं.

नुकतीच सुरू झालेली घरघर थांबली; ती कसली, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. मी किती वेळ तिथं उभा होतो कुणास ठाऊक. एकदम मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रडायला सुद्धा आलं नाही. मग बाहेर पडून जिना उतरायला लागलो. कुठं निघालो होतो? बहुतेक घरी, बायकोला सांगायला. सातव्यावर आमच्या दारापाशी आलो तर खाली, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या वळणावर, ती पायरीवर बसलेली दिसली. भाजीची पिशवी बाजूला, एक हात कठड्यावर, तोंड लाल, श्वास लागलेला. मला वरून येताना पाहून ती दचकली.

“अहो, वर कुठं गेला होता तुम्ही?”

“लिफ्ट बंद केली,” मी म्हणालो. “आत्ता केली. तुला कळलं होतं?”

“नाही. का हो?”

“मग तू जिन्यात कशी?”

“व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलंय ना.”

“कुठल्या डॉक्टरांनी?”

ती पिशवीचा बंद सारखा करत बसली. तिचे गुडघे सुजलेले होते, साडीतूनही कळत होते. मी हे कधी पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं होतं आणि कुठं गेलं कुणास ठाऊक. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

“माझं हे कधीपासून?” मी विचारलं.

“उन्हाळ्यापासून. तुम्ही एकाच दिवशी तीनदा दूध आणलंत, तेव्हापासून.” ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. “आधी वाटलं, होतं असं कधीतरी. मग त्या लिफ्टच्या कागदावर तुम्ही घरीच जेवणाच्या टेबलाशी बसून सही केलीत. म्हटलं, वर जाऊन आलात का? म्हणालात, हो, आत्ताच. तुम्ही सकाळपासून घरातून हलला नव्हता.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“काय बोलू? कुणाला बोलू? तुमची सही होती ना तिथं.” आणि मग तिला रडू फुटलं. “मी नुसती जिन्यानं जायला लागले. दुसरं काय करावं सुचलंच नाही. रोज लोकांना आत शिरताना बघते आणि वर येईपर्यंत आवाज ऐकत राहते.”

मला तिच्यावर रागवायला हवं होतं की तिचे पाय धरायला हवे होते, ते कळेना. एवढ्यात भिंतीमागून ठोकल्याचा आवाज आला. एकदा, मग लागोपाठ. मग घंटी. खालून वॉचमनचा आवाज जिन्यातून वर चढत आला, “साहेब! ओ साहेब! चौथ्या मजल्यावरच्या आजी आत अडकल्या! चौथ्याच्या जरा वरच थांबलीय!”

“पाटी लावायला सांगितलं होतं ना तुम्हाला!” मी कठड्यावरून ओरडलो.

“पाटीचं कुठं बोललात? किल्ली मागितलीत नुसती!”

मी बायकोकडे पाहिलं. मला पाटीचं बोललेलं आठवत होतं. वॉचमननं मान डोलावलेलीसुद्धा आठवत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. “बटण सुरू करा ना पुन्हा,” ती म्हणाली.

“नाही. दोराच्या तारा तुटल्यात. विजेच्या हिसक्यावर सोडायची नाही. हातानं चाक फिरवून हळू आणावी लागेल.”

“येतं ना तुम्हाला?”

“येतं.” एवढं मी खात्रीनं म्हणालो, आणि लगेच त्या खात्रीचीच धास्ती वाटली. “पण तू वर चल माझ्याबरोबर. मी जे करीन ते मोठ्यानं बोलीन. तू बघायचं. खरंच केलं असेल तरच हो म्हणायचं.”

वॉचमनला दाराची किल्ली घेऊन चौथ्या मजल्यावर उभं राहायला सांगितलं, ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग मी बायकोला हात दिला. सुजल्या गुडघ्यांनी ती वर आली आणि मशीनघरात माझ्या शेजारी उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांत तिनं माझं काम कधी पाहिलं नव्हतं.

“मुख्य बटण बंद,” मी म्हणालो.

ती वाकली, नीट पाहिलं. “बंद.”

“चाक धरलं.”

“धरलंत.”

“आता ब्रेक सोडतो. हा लाल दांडा.”

“दाबला तुम्ही. हो. सोडला.”

चाक जड होतं, पण आलं. हाताला खालचं वजन लागत होतं, एका म्हाताऱ्या बाईचं आणि लोखंडाचं, आणि मी ते थोडं थोडं सोडत होतो. प्रत्येक वेढ्याला मी आकडा म्हणत होतो आणि ती तोच आकडा माझ्यामागून म्हणत होती. दोरावरची चौथ्या मजल्याची पांढरी खूण तिला आधी दिसली. “आली, आली, थांबा!” मी थांबलो. ब्रेक लावला. “लावला,” ती म्हणाली. खालून लोखंड सरकल्यासारखा आवाज झाला, माणसांचे आवाज झाले, त्यात आजींचा चिडका सूर होता असं मला वाटलं.

“उघडलं का हो दार?” बायकोनं विचारलं. “आल्या का त्या बाहेर?”

मला दार उघडलेलं दिसत होतं. आजी काठी टेकत बाहेर येताना, वॉचमननं त्यांचा दंड धरलेला, सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

“मला तसं वाटतंय,” मी म्हणालो. “तू जाऊन बघून ये.”

ती कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. मी दोन्ही हातांनी चाक धरून उभा राहिलो.